काजळकुशीचं बी

सालईटोल्यात कोणाचंच बी एकट्याचं नव्हतं.

मृगाच्या आधी एका मंगळवारी गावाबाहेरच्या मोहाखाली बिदरी व्हायची. घरागणिक एक मूठ धान. पोवाराच्या घरची मूठ, गोंडाच्या घरची, तेल्याच्या घरची, सगळ्या एकाच नव्या टोपलीत. पुनाराम भुमका, म्हणजे गावदेवाची पूजा करणारा गोंड, ठाकूरदेवाला हाक मारायचा, टोपलीत कोपरापर्यंत हात घालून धान कालवायचा आणि ज्यानं मूठ घातली त्याला त्यातलीच मूठ परत द्यायचा. ती घरच्या बियाण्यात मिसळायची, मगच बी मातीत पडायचं. बाया टोपलीभोवती बसून म्हणायच्या,

पहिली माझी मूठ, ठाकूरदेवाच्या पायी
दुसरी माझी मूठ, शेजारनीच्या घरी जाई

हे किती पिढ्यांपासून चाललं होतं ते पुनारामलाही सांगता येत नसे. पण त्यामुळं एक झालं होतं. एखाद्या साली कोणाचं बी किडलं, भिजलं, चुलीतच गेलं, तरी तो माणूस घाबरत नसे. आपलं बी शेजाऱ्याकडं आहे, शेजाऱ्याचं पलीकडच्या टोल्यात आहे, मागितलं की मिळेल. बियाण्याला नाही म्हणायचं नाही, हा रिवाजच होता.

केवलराम हे सगळं लहानपणापासून पाहत आला होता. आणि त्यानंच ते मोडलं.

त्याला कोणी वाईट म्हणू नये. सालईटोल्यावर त्याच्याइतकी माया करणारा दुसरा माणूस नव्हता. पोवाराचा लेक, तिरोड्याला मराठी सातवी शिकला, सरकारी फार्मवर दोन वर्षं राबला आणि शेतकी खात्यात कामदार झाला. कामदार म्हणजे खांद्यावर छत्री, काखेत वही, पायात चपला कमी आणि चिखल जास्त. तीस गावं पायी फिरून कास्तकारांना सरकारची नवी गोष्ट पटवून सांगणारा माणूस. लोक त्याला हसत, पाणी देत, आणि तो गेला की जसं चाललं होतं तसं चालवीत. हे त्याला लागायचं. आपलं गाव कर्जात नाही, आळशी नाही, मग दर आषाढात पोट पाठीला का लागतं, हा प्रश्न त्याच्या मनात काट्यासारखा असे.

सन अठ्ठावीसच्या कार्तिकात नागपूरचे साहेब दौऱ्यावर आले. साहेब काही खुर्चीतले नव्हते. बूट काढून बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या शेतात, उतरले, धानाचा एक झुपका मुठीत धरला आणि केवलरामपुढं केला. पिवळ्या लोंब्या, तांबूस लोंब्या, आणि मधे दोन काळ्या कुसळांच्या.

"हे शेत आहे की बाजार, केवलराम?" साहेब म्हणाले. "एका बांधीत चार जातींचं धान. एक आज पिकलं, एक पंधरा दिवसांनी पिकणार. अर्धं गळून जातं, अर्धं हिरवं कापता. याच्यातून कोणाचं पोट भरेल?"

केवलरामला शरम वाटली. आपल्या घरातला पसारा परक्यानं पाहावा तशी.

बांधावर बसून साहेबांनी मग पुढच्या शेतीचं सांगितलं. एका जातीचं शुद्ध बी. लोखंडी नांगर. टेकाडापर्यंत पाटाचं पाणी. सरकार बी देईल, नांगर देईल, शिकवायला माणूस देईल. "तुझ्या गावाला आपण बियाण्याचं गाव करू. इथून बी तीस गावांत जाईल. गावानं एकच करायचं, भेसळ सोडायची. गावच्या शिवारात दुसऱ्या धानाची एक काडी दिसली तर बियाण्याच्या पोत्यांवर मी मोहोर मारणार नाही."

त्या रात्री केवलरामला झोप आली नाही म्हणतात. आनंदानं.

वैशाखात बैलगाडीवर पोती आली. उदाराम पटेलाच्या छपरीत गाव जमला. केवलरामनं पोत्याचं तोंड सोडलं आणि ओंजळभर धान पाटावर पसरलं. दाणा न् दाणा सारखा, जसा एकाच आईनं एकाच वेळी जन्म दिलेला.

"नाव का म्हनते याचं?" पुनारामनं विचारलं.

"नाव नाही काका, नंबर आहे."

"नंबर?" खांबाआडून धनवंता म्हणाली. रोवणीच्या बायांची ती म्होरकी, जीभ कोयत्यासारखी. "नंबर त जेलातल्या कैद्याले रायते गा बाबू. यानं का चोरी केली?"

छपरी हसली. केवलरामही हसला. त्या दिवसापासून धानाचं नाव पडलं नंबरी.

"हसा नोको," उदाराम पटेल म्हणाला. "सरकार फुकट देऊन राहिलं त घ्याले का होते? घरचं पेरून का भेटते ते का मालूम नाही?"

"आनि घरच्या बियाचं का करू?" पुनारामनं विचारलं. "ते आड्याले टांगलं आहे."

"खा," उदाराम म्हणाला. "आषाढात कोनाच्या घरी धान रायते? अवंदा रायलं. खा ना बापा, खा."

हे सगळ्यांना समजलं. आड्याला बी टांगलेलं आणि त्याच्या खाली लेकरं अर्धपोटी झोपलेली, हे प्रत्येक घरानं पाहिलं होतं. बियाण्याला हात लावायचा नाही म्हणून आयांनी लेकरांना आंबाडीचा पाला शिजवून घातला होता. आता सरकार म्हणतं, खा.

बिदरीच्या मंगळवारी केवलराम मुद्दाम हजर राहिला. देव मोडायचा नव्हता त्याला. त्यानं तोड काढली होती, बिदरी होऊ द्या, मुठी मात्र सगळ्यांनी नंबरीच्याच आणा. बायांनी आणल्या. टोपली भरली. पुनारामनं हाक मारली, टोपलीत हात घातला आणि तसाच थांबला.

"बाबू," तो केवलरामला म्हणाला, "समद्या मुठी सारख्याच आहेत. मंग कालवू कायले?"

केवलरामनं टोपलीत पाहिलं. "रीत म्हनून कालवा काका," तो म्हणाला.

पुनारामनं रीत म्हणून हात फिरवला. ज्यानं जे दिलं तेच त्याला परत मिळालं. बायांनी ओवी म्हटली, पण दुसऱ्या ओळीला आवाज बारीक झाला. पुढच्या वर्षी पुनारामनं टोपली आणलीच नाही, आणि कोणी विचारलंही नाही.

त्या दिवशी एक मूठ मात्र कमी होती. पुनारामच्या स्वतःच्या घरची. त्याची बायको रुख्माबाई आलीच नव्हती.

रुख्माबाईकडं काजळकुशी होती. थोडी थोडी ती सगळ्यांच्याच बांध्यांत असायची, पण निखळ, काळ्याभोर कुसळांची, अशी फक्त तिच्याकडं. टेकाडावरच्या तिच्या एका बांधीत पाणी थांबत नसे; तिथं ती काजळकुशी फोकायची, म्हणजे हातानं फेकून पेरायची. पीक थोडं यायचं, पण पोळ्यानंतर पाऊस गेला तरी यायचं. काड पुरुषभर उंच, छपराला आणि बैलांना पुरायचं. निंदताना ती तिच्यासाठी वेगळंच म्हणायची,

काळ्या कुसाचा ग धान, उभा धुऱ्याच्या आंगाले
पानी रुसून गेलं त, नाही सांगत कोनाले

केवलराम दीड वर्षाचा असताना त्याची माय गेली. बाप दिवसभर शेतात. त्याला कडेवर घेऊन फिरली ती ही रुख्माबाई. पोवाराच्या लेकरानं गोंडाच्या घरची पेज प्यावी का, यावर तेव्हा गावात कुजबुज झाली होती. पण लेकरू रडायचं थांबलं तशी कुजबुजही थांबली. ती पेज काजळकुशीची होती. मोठा झाल्यावरही तो तिच्या अंगणात बसून जेवायचा, आणि त्याच्या जातवाल्यांनी त्याकडं पाहणं सोडून दिलं होतं.

उदाराम पटेल तापला. "एका म्हातारीपायी गावाचं बी वापस जाईन. तू जातेस का मी जाऊ?"

"मी जातो," केवलराम म्हणाला.

दुपार होती. मृगाचे दोन शिडकावे होऊन गेले होते. रुख्माबाई अंगणात बसून तणसाचा, धानाच्या वाळल्या काडाचा, दोर वळत होती. तिनं वर पाहिलं नाही.

"कोनं पाठवलं? उदारामनं?"

"मीच आलो काकी."

"खोटं बोलाले खात्यात शिकवतेत का रे?"

तो हसला आणि तिच्या पुढ्यात उकिडवा बसला. "काकी, तुही बांधी शिवाराच्या मधात आहे. तिथं काजळकुशी उभी राहिली त साहेब मोहोर मारत नाही. समद्या गावाचं बी नासते."

"माह्या बांधीत पानी थांबत नाही. तुहा नंबर तिथं पिकन का?"

"सरकार पाट काढून देनार आहे. टेकाडावर पानी येईन."

"सरकार टेकाडावर पानी चढवनार?" तिनं दोर खाली ठेवला. "मंग ठाकूरदेवाले सुट्टीच देऊन टाका बापा. म्हातारा झाला तो बी."

केवलरामनं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. शुद्ध बी, तीस गावं, आषाढात चुली. तो सांगत होता ते त्याला स्वतःला इतकं खरं वाटत होतं की त्याचे डोळे भरून आले. रुख्माबाई त्याच्याकडं पाहत राहिली. तो काय म्हणतो यापेक्षा तो कसा म्हणतो हेच ती ऐकत असावी.

"आनि मंग मले लागलं त?"

"त मी आनून देतो ना. मुरमाडीत आहे, चिचटोल्यात आहे. कुठंबी भेटीन. तूनं का ते एकटीनंच ठेवलं आहे?"

हे मात्र तिला पटलं. लग्न होऊन ती सालईटोल्यात आली तेव्हा हे बी तिनं माहेरून लुगड्याच्या पदरात आणलं होतं. त्यातलं तिनं किती जणींना दिलं होतं. बी कुठं जातं? आजवर कुठं गेलं होतं?

"तुह्यावर?" तिनं विचारलं.

"माह्यावर."

ती उठली. आड्याचं गाठोडं सोडलं. तणसाच्या जाड दोरानं आवळून बांधलेलं, वर शेणानं लिंपलेलं ते गाठोडं तिनं लेकरासारखं दोन्ही हातांत घेऊन खाली आणलं. अर्धं सुपात ओतलं, उरलेलं बाजूला सारलं, "हे मी मंग कांडतो," असं पुटपुटली आणि मुसळ हातात घेतलं. काळी कुसळं उडून तिच्या पांढऱ्या केसांवर बसत होती. केवलरामनं एकदा म्हणायला तोंड उघडलं, काकी, मूठभर राहू दे. पण साहेबांचा शब्द आठवला, शिवारात एक काडी दिसायला नको. मूठभर म्हणजे मूठभर काड्या.

तिनं पेज केली. दोन वेळा त्याच्या द्रोणात ओतली. वास तोच होता, रानात पाऊस लागलेल्या काडाचा.

"तू घे ना काकी."

"मले नोको. बियाची पेज मले पचत नाही."

तो जेवला. पोटभर जेवला.

त्या आषाढात सालईटोल्यात घरोघर धूर निघाला. आड्यावरची गाठोडी एकामागून एक खाली आली. रुख्माबाईनं बाजूला सारलेलं अर्धंही कांडून झालं. लेकरं गुटगुटीत झाली. तिरोड्याच्या बाजारातून कोणी कोणी बोदलकशाच्या तलावातली मासोळी आणली आणि धानाच्या भातावर खाल्ली. केवलराम संध्याकाळी गल्लीतून जायचा तेव्हा भाताचा वास छपराछपरांतून यायचा. सरकारची मदत म्हणतात ती हीच, त्याला वाटायचं.

आणि नंबरी आली. खोटं का सांगावं, बहारीची आली. बांध्या एका उंचीच्या, एका रंगाच्या, जणू कोणी पिवळं कापड अंथरलं. पहिल्या वर्षी मधे मधे जुन्या धानाची काडी उगवायची, मातीत सांडलेल्या बियांची. केवलराम पोटरीभर पाण्यात बायांच्या रांगेपुढं चालायचा आणि दाखवायचा. हे उंच झालं, उपट. याचं कूस काळं, उपट. धनवंताचा हात सगळ्यांत चपळ.

"पोरीच्या डोक्यातली ऊ काढतो ना, तसं आहे हे," ती म्हणायची. "डोस्कं सोडू नोको, का एक बी राहू देऊ नोको."

साहेब आले, बांध्यांमधून फिरले, पोत्यांवर मोहोर मारली. लोखंडी नांगर आला. उदाराम पटेलानं त्याला मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेच्या, दिवशी झेंडूची माळ घातली आणि आपल्या दारात उभा केला. सालईटोल्याचं बी गाड्यांवर लादून मुरमाडीला गेलं, चिचटोल्याला गेलं, तीसही गावांत गेलं. प्रत्येक ठिकाणी केवलराम गाडीच्या आधी पोचलेला असायचा. प्रत्येक छपरीत तो तेच सांगायचा, प्रत्येक ठिकाणी कोणीतरी विचारायचं, घरच्या बियाण्याचं काय करायचं, आणि तो हसून म्हणायचा, खा. जुनं लागलंच तर शेजारच्या गावात आहे.

शेजारच्या गावातही तो हेच सांगून आलेला असायचा. पण तीस गावं वेगवेगळ्या दिवशी चालून जाणाऱ्या माणसाला हे एकत्र दिसत नाही.

पाचव्या साली पोळ्यानंतर पाऊस गेला. गेला तो आलाच नाही. तलावाचं पाणी खालच्या बांध्यांना पुरलं, वरच्यांपर्यंत पोचलं नाही. टेकाडावरचा पाट अजून नकाशातच होता. दोन खुंट्या रोवून गेलेला माणूस परत आला नव्हता. नंबरी पोटरीत आली आणि तशीच उभी वाळली. लोंब्या बाहेर पडल्या त्या पोचट, हातात घेतल्या तर फुंकरीनं उडणाऱ्या. रुख्माबाईची बांधी तर दसऱ्याआधीच पांढरी पडली.

केवलराम धुऱ्यावर, तिच्या बांधीच्या बांधावर, उभा होता. ती विळा घेऊन आली आणि वैरणीसाठी कापायला बसली. काड वीतभर. बैलाच्याही एका घासाचं नाही.

"काकी," तो म्हणाला.

"बोलू नोको बाबू. ऊन चढून राहिलं."

त्या हिवाळ्यात गाव लाखोरीच्या डाळीवर आणि मोहाच्या फुलांवर जगलं. कोणी केवलरामला शिवी दिली नाही. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. चांगलं पिकलं तेव्हा लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं नव्हतं, आता पायाखालीही घेतलं नाही. पाऊसच नाही तर पोरानं काय करावं, एवढंच म्हणाले. पुढच्या साली पाऊस बरा झाला, नंबरी पुन्हा उभी राहिली. पण केवलरामचं चालणं मंदावलं.

त्याच कार्तिकात खात्याचा कागद आला. साहेब बदलले होते. नव्या साहेबांनी लिहिलं होतं, की कमी पावसात येणाऱ्या जुन्या गावरान धानांची खात्याला फार गरज आहे. फार्मवर लावून पाहायचं आहे. पुढच्या शेतीची सगळी आशा त्यांच्यावर आहे. प्रत्येक जातीची एक एक मूठ, गावाचं आणि धानाचं नाव लिहून, सोबतच्या पिशव्यांतून पाठवावी. कागदासोबत बारा कापडी पिशव्या होत्या, पांढऱ्या, कोऱ्या.

केवलरामनं कागद घडी करून वहीत ठेवला. मग पेन्सिल घेऊन पहिल्या पिशवीवर त्यानं लिहिलं, सालईटोला. खाली लिहिलं, काजळकुशी. आणि रुख्माबाईकडं न जाता उलट्या दिशेनं चालू लागला.

मुरमाडीत म्हणाले, "खाल्लं ना गा. तूनंच त सांगितलं. पन चिचटोल्यात पाय, तिथं असन."

चिचटोल्यात म्हणाले, "होतं बापा. लय होतं. समद्यांकडं होतं म्हनून कोनी ठेवलं नाही."

तो पुढं गेला. अकरा दिवस चालला. कुठं तांबड्या धानाची मूठ मिळाली, कुठं जाड्या धानाची. बारातल्या पाच पिशव्या भरल्या. काळं कूस मात्र कुठंच नव्हतं. प्रत्येक गाव पुढच्या गावाकडं बोट दाखवायचं, आणि त्या बोटात खोटेपणा नव्हता. केवलरामनं जसं रुख्माबाईला सांगितलं होतं तसंच ते खऱ्या मनानं सांगत होते. शेवटी जंगलाच्या काठावर, जिथं त्याचा हलका, म्हणजे त्याच्या तीस गावांचा टापू, संपतो तिथं, आसाराम नावाचा एक म्हातारा गोंड भेटला. त्यानं डोळे मिटून आठवलं.

"काजळकुशी ना? इथं त संपली. पन तुमी इतक्या दूर कायले आले? सालईटोल्यात जा. तिथं पुनाराम भुमक्याची बायको आहे. इथलीच पोर, ती लग्नात बी घेऊन गेली होती. ते बी घरचं होतं, ती कधी सोडनार नाही. तुमी तिले ओळखत नसान."

"ओळखतो," केवलराम म्हणाला.

तो परत फिरला. सालईटोल्यात आला तेव्हा सकाळ होती. रुख्माबाई दारात होती. त्याच्या खांद्यावरच्या पिशव्या तिनं पाहिल्या, चेहरा पाहिला.

"बी मांगाले आलास का?"

त्यानं मान हलवली.

"कोनाले मांगतेस बाबू? मी त ते तुह्यावर ठेवलं होतं."

रागानं म्हणाली असती तर त्यानं पाय धरले असते. ती रागानं म्हणालीच नाही. तिनं त्याला पाणी दिलं. तो प्याला. गल्लीतून विळे घेतलेल्या बाया कापणीला गेल्या, त्यांचे आवाज दूर झाले.

"नंबरीत पायलं का तूनं?" ती म्हणाली. "एखादं काड चुकून उगवते. मातीत पडलेलं बी पाच साल बी गुमान पडून रायते, मंग येते वर. उदारामच्या खालच्या बांध्या अजून कापाच्या आहेत. समद्या कापून झाल्या, एवढ्याच रायल्या."

तो उठलाच.

बाया बांधीत उतरायच्या बेतात होत्या. नऊ जणी. केवलराम धापा टाकत धुऱ्यावरून आला आणि हात वर केला. "थांबा. कापू नोका. मले आंधी पाहू द्या."

"का हरवलं गा?" धनवंतानं विचारलं.

"काळ्या कुसाची लोंब पायजे. एक भेटली तरी चालन."

धनवंतानं बाकीच्यांकडं पाहिलं. कोणी हसलं नाही. ती विळा मांडीवर घेऊन धुऱ्यावर बसली, तशा सगळ्या बसल्या.

केवलराम धानात शिरला. ओळीओळीनं चालला, दोन्ही हातांनी लोंब्या बाजूला करत. पिवळ्या. पिवळ्या. एका उंचीच्या, एका वजनाच्या, सगळ्या एकाच बाजूला झुकलेल्या. कुठं काही गडद दिसलं की तो तिकडं वळायचा. जवळ गेल्यावर ती सावली असायची, नाही तर करपलेलं पान. तीस गावांत इतकं स्वच्छ शेत त्यानं पाहिलं नव्हतं. पाच वर्षं ज्या नजरेनं त्यानं हे शेत राखलं होतं, तीच नजर आता त्याला काही सापडू देत नव्हती. सूर्य डोक्यावर आला. मानेवर कुसळं चिकटली, पायांना चरे पडले. एक बांधी झाली, दुसरी झाली.

"भेटलं का?" धनवंतानं धुऱ्यावरून विचारलं.

"नाही."

"एक बी नाही?"

"नाही."

"आमी उपटाचो तवा..." ती म्हणाली. "तूनंच त..." आणि तिथंच थांबली. आयुष्यात पहिल्यांदा धनवंतानं अर्धं वाक्य गिळलं. मग ती आपल्या हातांकडं पाहू लागली.

उदाराम पटेलाचा माणूस दुरून ओरडून गेला, बाया बसून काऊन राहिल्या म्हणून. आज बांध्या संपल्या नाहीत तर मजुरी पुरी मिळायची नव्हती, हे नऊही जणींना ठाऊक होतं. एकीनं विळ्याची धार अंगठ्यानं पाहिली, पुन्हा मांडीवर ठेवला.

केवलरामनं कपाळ पुसलं. "जराशा थांबा," तो म्हणाला. "त्या कोपऱ्यातली बांधी रायली."

"पाय बापा," धनवंता म्हणाली. "नीट पाय. आमी बसलो आहोत."

तो तिसऱ्या बांधीत उतरला.